पानशेतनंतरचं पुणं

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांत शिरलं. पानशेतचं काम तेव्हा पुरतं संपलेलंही नव्हतं! पूर ओसरल्यावर शहरभर चिखल आणि नळ मात्र कोरडे, कारण पिण्याचं पाणी खडकवासल्याहूनच यायचं.

नुकसान म्हटलं की आपण पडलेली घरं आणि भांडीकुंडी मोजतो. पंचनाम्यात तेवढंच बसतं. पण पेठेतला व्यवहार चालायचा उधारीवर, वाण्याच्या वहीवर. वही भिजली, शाई फुटली, की कोणाकडून किती येणं हे माणसाच्या शब्दावर येतं.

आता वाड्यातला भाडेकरू घ्या. मालकाच्या भिंती पडल्या तरी जागा त्याच्या नावावर राहिली. भाडेकरूची जुन्या, स्वस्त भाड्याची खोलीच गेली. ती त्याची मालमत्ता नव्हे. मग तिची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न सोडत नाही.

पुढे गोखलेनगरला अर्धगोल छपरांची निसेन हट घरं उभी राहिली, सहकारनगरला पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. डोक्यावर छप्पर मिळालं, हे काम मोठंच. पण मंडई, दुकान, गिऱ्हाईक, शेजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असलेला माणूस आता शहराच्या कडेला गेला. त्यात सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न कित्येक दशकं सरकारदरबारी रेंगाळला. पूर ज्यांनी पाहिलाही नाही, त्या पुढच्या पिढीनं त्याच्या फायली सांभाळल्या.