उपचार संपल्यानंतर

गेल्या दिवाळीत हिंगोलीला आमच्या घरी एक जुना विद्यार्थी फराळाला आला. तो आता नांदेडला मानसोपचाराचे काम करतो. चकली मोडता मोडता म्हणाला, "गुरुजी, तिचा उपचार संपून वर्ष झाले. आता ती माझी रुग्ण नाही. लग्नाचे विचारले तर काय बिघडले?"

मला कच आठवला. विद्या पुरी झाली, व्रत सुटले, तो निघाला. तेव्हा देवयानीने त्याला मागणी घातली. तरी तो म्हणाला, "तू गुरुकन्या, मला बहिणीसारखी." त्यापायी त्याने शापही पत्करला. मात्र कच शिष्य होता. उपचार करणाऱ्याची जागा गुरूची. तेव्हा भार त्याच्यावर अधिक.

१९१५ साली फ्रॉइडने डॉक्टरांना बजावले होते की रुग्णाचे प्रेम उपचारातून उपजते, ते आपल्या रूपगुणांवर जडले असे मानू नये. वर्तनोपचारवाल्यांना फ्रॉइडची ही भाषा मान्य नव्हती. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात भीती घालवण्याची सरळ रीत मांडली: अंग सैल सोडावे आणि भीतीच्या वस्तूला पायरीपायरीने सामोरे जावे. स्वप्ने नाहीत, गूढ नाही. मग प्रेमाची भानगडही नसावी! परंतु त्यांच्याच हिशेबाने पाहा. ज्याच्याशेजारी दर आठवड्याला भीती ओसरली, ज्याने 'शाबास' म्हटले, त्याचा आवाजही गोड वाटू लागतो. तेही शिकणेच, आणि शेवटची फी दिल्याने ते पुसले जात नाही.

वर्तनवादाचे जनक वॉटसन यांनाच आपली विद्यार्थिनी रोझाली रेनर हिच्याशी जडलेल्या संबंधापायी १९२० साली विद्यापीठ सोडावे लागले. पुढे त्यांनी तिच्याशी लग्न केले आणि ते तिच्या मृत्यूपर्यंत, १९३५ पर्यंत, टिकले. म्हणजे असले प्रेम खोटेच असते, असे मी म्हणणार नाही.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९९२ साली नियम केला: उपचार संपल्यावर निदान दोन वर्षे असा संबंध नको, नंतरही रुग्णाचा गैरफायदा घेतलेला नाही, हे उपचारकानेच सिद्ध करावे. दोनच वर्षे का, तीन का नाहीत, हे मला कळत नाही. पण दुसरे कलम मला पटते. तिने आपली सारी भीती त्याच्यापुढे उघडी केली. त्याने स्वतःचे काहीच सांगितले नव्हते.

"मग आणखी वर्षभर थांबतो, गुरुजी," तो म्हणाला.

"थांब. पण तिची भीती परत आली, तर लग्नानंतर ती कोणाकडे जाईल?"

त्याने बशी खाली ठेवली. बराच वेळ तो अंगणातल्या आकाशकंदिलाकडे पाहत बसला.