निरवानिरव, मुखत्यारपत्र आणि वैद्यकीय पूर्वनिर्देश

प्रस्तुत टिपणाचा विषय एक शब्द व एक कागद हा आहे. शब्द जुना, मराठीच्या घरातला. कागद नवा, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातून निघालेला. या दोहोंची अद्याप गाठ पडलेली नाही, आणि त्यामुळे होणारी हानी केवळ कोशकारांची नव्हे.

‘निरवणे’ म्हणजे एखादे माणूस वा वस्तू दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपविणे. त्यावरून झालेला ‘निरवानिरव’ हा शब्द मरणापूर्वीच्या व्यवस्थेस रूढ झाला. थोरल्या माधवरावांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. क्षयाने खंगलेल्या पेशव्यांनी १७७२ च्या सप्टेंबरअखेर नऊ कलमांची याद केली, कर्जफेडीची व्यवस्था लावली, धाकट्या नारायणरावास राघोबादादांच्या हाती दिले. १८ नोव्हेंबरला थेऊर येथे त्यांचा अंत झाला. (निरवलेल्याचे रक्षण होईलच अशी हमी शब्दात नसते, हे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्याने पाहिले.) येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, निरवणारा बोलू शकत होता. श्वसनयंत्राच्या काळात माणूस जिवंत असतो, पण बोलत नाही. त्याचे शरीरच कोणास तरी निरवावे लागते.

जालना परिसर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. तेथे सरकारदरबारी आधी फारसी व १८८४ पासून उर्दू चाले. ‘वसीयतनामा’ व ‘मुखत्यारनामा’ हे त्या दफ्तरातले शब्द. पुढे मराठी कारभारात पहिल्याचे ‘मृत्युपत्र’ अथवा ‘इच्छापत्र’ झाले, दुसऱ्याचे ‘मुखत्यारपत्र’. ‘मुखत्यार’ याचा मूळ अरबी अर्थ ‘निवडलेला’ असा आहे. साहजिकच, वडिलांनी मुलास मुखत्यार नेमले म्हणजे त्यांच्या आजारपणातील निर्णयही त्याच्याकडे आले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे.

ती समजूत कायद्यास धरून नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या २०१ व्या कलमानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या घटकेस आधार हवा, त्याच घटकेस तो गळून पडतो. मृत्युपत्र तर १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मालमत्तेपुरते, व तेही मरणोत्तर. दोन्ही कागदांच्या मधली जागा रिकामी राहिली.

ही पोकळी किती भयंकर असू शकते, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसले. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच पडून होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयास प्रथम हे ठरवावे लागले की, अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा. तो लेखिकेचा नव्हे, इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन सेवकवर्गाचा, असे ठरले. माझ्या मते त्या खटल्याचा गाभा हाच होय; अरुणांनी कोणास निरवले असते, हे विचारण्याची वेळ निघून गेली होती.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या पीठाने वैद्यकीय पूर्वनिर्देशास मान्यता दिली. तथापि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट इतकी जाचक ठरली की, २४ जानेवारी २०२३ रोजी ती काढावी लागली. आता दोन साक्षीदार व नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरे. निर्देशात एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे देता येतात. मात्र त्यांचा शब्द एकट्याने चालत नाही. उपचार थांबविण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांचे मत लागते, व रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे लागते. निर्देशाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेतील अभिरक्षकाकडे राहावयाची. डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असे अभिरक्षक नेमले.

व्यवस्था झाली, नाव मात्र चुकले. ‘लिव्हिंग विल’चे ‘जिवंत इच्छापत्र’ असे शब्दशः भाषांतर वापरले जाते. ‘इच्छापत्र’ म्हटले की घनसावंगीच्या किंवा अंबडच्या शेतकऱ्यास सातबारा व वाटण्या आठवणार. असा कागद करू म्हणणाऱ्या बापाकडे मुले संशयाने पाहणार. ‘पूर्वनिर्देश’ हा शब्द काटेकोर आहे, परंतु त्यात सोपविलेल्या माणसाला जागा नाही. ‘निरवपत्र’ हा शब्द मी परिभाषेच्या अभ्यासकांपुढे विचारार्थ ठेवतो. त्यात मालमत्तेचा वास नाही, आणि कोणीतरी विश्वासाचे माणूस नेमावयाचे आहे, ही गोष्ट धातूतच आहे.