रोहिणीचा शकट आणि झाडीचे तलाव

मार्गशीर्षांतील मध्यरात्रीं गोंदियाकडे धानाच्या बांधीवर उभें राहून वर पाहिलें, तर जवळजवळ डोक्यावर, किंचित् दक्षिणेकडे, एक नारिंगी तारा झळकतांना दिसतो. हीच रोहिणी. व्यासानें सूर्याच्या चाळीसपटीहून मोठा असा हा राक्षसी तारा आपणांपासून सुमारें ६५ प्रकाशवर्षांवर आहे. शेजारच्या तारकांसह त्याचा जो गाड्यासारखा आकार भासतो, त्यास पूर्वजांनीं रोहिणीशकट असें नांव दिलें.

या शकटानें आपल्या देशाला फार भेडसाविलें आहे. शनि त्याला भेदून गेला तर बारा वर्षें दुष्काळ पडतो, अशी समजूत होती. पद्मपुराणांतील दशरथ तर हें संकट टाळण्यासाठीं रथ घेऊन थेट नक्षत्रमंडळांत शनीसमोर उभा राहतो. ज्योतिष्यांनीं या भयाला मोजमापहि दिलें. वृषभाच्या सतराव्या अंशांत ग्रह क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस दोन अंशांहून अधिक असला, तर शकटभेद होतो, असें सूर्यसिद्धांत सांगतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालीं निघाला. त्यांत त्यांनीं या योगाचाहि विचार केला आहे. शनीनें शकट भेदावा, तर शकापूर्वीं हजारों वर्षें मागें जावें लागतें. हल्लीं तो शकटाच्या उत्तरेनेंच निघून जातो.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं मध्यप्रांतांत पाऊस लवकर आटोपला आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ १८९९-१९०० चा आला. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. शनि त्या १८९६ सालीं तुळेंत, म्हणजे रोहिणीच्या जवळजवळ समोरच्या बाजूस होता! आकाशांतील गाडा शाबूत होता, आणि खालीं माणसें अन्नावांचून मरत होतीं.

पूर्वजांचें भय खोटें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. दुष्काळ खरा होता. त्याचें कारण मात्र भलत्या ठिकाणीं शोधलें गेलें. धान निसवतांना पाणी नसलें कीं पीक हातचें जातें, हें या मुलखांतील कोहळी लोकांनीं केव्हांच ओळखलें, आणि उतार पाहून जागोजाग तलाव बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, अशी परंपरा आहे. दीक्षितांचें गणित आणि कोहळ्यांचा बांध, हीं दोन्ही आम्हांस एकाच जातीच्या बुद्धीचीं फळें वाटतात.

पुढें १९५१ त मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि अनेकांत गाळ सांचत गेला. आजहि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणींत शिरला कीं शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. त्या दिवसांत तो तारा सूर्याच्या तेजांत लोपलेला असतो. तेव्हां वर पाहून कांहींच कळावयाचें नाहीं. तलावांत गाळ किती आणि बांध धड आहे कीं नाहीं, एवढें मात्र खालीं पाहून कळतें.