सैतानाच्या बिळातला मासा

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, अमार्गोसाच्या वाळवंटात, उन्हाने भाजलेल्या एका टेकडीच्या पोटाला मोठी भेग पडलेली आहे. वरून पाहिले तर नुसती खडकांची कपार. झाड नाही की झुडूप नाही. पण पन्नास फूट खाली नजर टाकावी तर निळेशार पाणी! कुंड लांबीला ६५ फूट आणि रुंदीला जेमतेम १० फूट. खोलीचा मात्र पत्ता नाही. पाणबुडे ४३० फुटांच्याही खाली जाऊन आले, तरी तळ काही कोणाच्या पायाला लागला नाही. चुनखडीच्या पोटात पाण्याने भरलेली ही पोकळी फार जुनी. तिचे छप्पर सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी खचले आणि तिला प्रथम आकाश दिसले. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘डेव्हिल्स होल’, म्हणजे सैतानाचे बीळ.

नाव असे भयंकर, पण या बिळाची जुनी लेखी आठवण मोठी सुखाची आहे. १८४९ च्या डिसेंबरात सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या वाटसरूंपैकी नुसबाउमर नावाचा एक जर्मन गृहस्थ येथे पोचला. पाणी ऊन होते. ते बाराही महिने ३३-३४ अंश असते. थंडीने आणि चालण्याने पिचलेल्या त्या माणसाने त्यात यथेच्छ स्नान केले व आपल्या रोजनिशीत त्याची नोंदही केली. दिवाळीच्या पहाटेच्या ऊन पाण्याची गोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे सुख वेगळे सांगायला नको! पुढे त्याच्या सोबत्यांची ज्या खोऱ्यात दैना झाली, त्याचेच नाव डेथ व्हॅली.

त्या पाण्यात आणखी कोणी राहत होते. बोटाच्या दोन पेरांहून लहान, निळसर झाक असलेला एक मासा. पिल्लासारखा सारखा खेळत असतो म्हणून या जातीला ‘पपफिश’ म्हणतात. १९३० साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात ठरवले. साऱ्या पृथ्वीवर त्याचे नैसर्गिक घर हे एकच. त्यातही कुंडाच्या एका टोकाला, पाण्याखाली वीतदीड वीत, एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढा दगडी ओटा आहे. ऊन पोचते ते तेथेच, शेवाळ धरते ते तेथेच आणि अंडी घातली जातात तीही मुख्यतः तेथेच. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या ओट्यात आहे.

१९५२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या बिळाभोवतालची ४० एकर जमीन डेथ व्हॅलीच्या राखीव उद्यानाला जोडली. त्या जाहीरनाम्यात कुंडाचा आणि त्यातील विलक्षण माशाचा उल्लेख होता. तेव्हा कोणाला वाटले असेल की हे चार शब्द पुढे कोर्टात उभे राहतील? पाण्याची पातळी मोजण्यासाठी १९६२ साली कड्यावर तांब्याची एक चकती ठोकण्यात आली. १९६५ च्या जूनमध्ये दोन तरुण रात्री कुंपण ओलांडून त्या काळोख्या पाण्यात उतरले, ते वर आलेच नाहीत. पाणबुड्यांनी पुष्कळ शोधले. त्यांचे देह अद्यापही सापडलेले नाहीत.

नंतर आले पंप. जवळच कॅपार्ट कुटुंबाचे १२,००० एकरांचे शेत होते. सतराशेंवर गुरे, ऐंशीहून अधिक माणसांची रोजीरोटी. १९६८ पासून त्यांनी विहिरींवर पंप बसवून पाणी उपसायला सुरुवात केली. चकतीखाली १.२ फुटांवर असलेले पाणी १९७२ च्या उन्हाळ्यात ३.९३ फुटांवर गेले. ओटा उघडा पडू लागला. वाळवंटात शेत पिकवणाऱ्याला पाण्यासाठी दोष देणे आपल्याला जड जाते, आणि मलाही जाते. पण जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. खटला उभा राहिला. त्या मुलखात मोटारींवर ‘मासा वाचवा’ अशा चिठ्ठ्या लागल्या, तशाच ‘मासा मारा’ अशाही लागल्या!

७ जून १९७६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी तो लिहिला. मासा गोजिरवाणा आहे, म्हणून नव्हे. जमीन राखून ठेवताना त्या राखणीस लागणारे पाणीही राखले गेले होते, म्हणून. शेताचे पंप बंद पडले नाहीत, परंतु त्यांच्यावर मर्यादा आली. पाणी चकतीखाली २.७ फुटांपेक्षा उतरता कामा नये, अशी रेघ ठरली. ओंजळभर माशांसाठी एवढा खटाटोप, असे कोणी म्हणेल. मला तर त्या तांब्याच्या चकतीचे कौतुक वाटते.

पाणी थांबले, तरी माशाचे दैव थांबले नाही. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्याची शिरगणती होते. पाणबुडे दिवे घेऊन खाली उतरतात आणि एकेक मासा मोजतात. २०१३ च्या वसंतात मासे भरले अवघे ३५. पुढे कष्टाने संख्या वाढली आणि २०२४ च्या वसंतात १९१ वर गेली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत दोन भूकंपांनी कुंड घुसळून काढले. ओट्यावरचे शेवाळ आणि अंडी धुऊन गेली. हे बीळ भूकंपाच्या बाबतीत फार हळवे आहे. २०२२ साली दूर मेक्सिकोत धरणी हलली, तेव्हाही येथे चार फूट उंच लाटा उठल्या होत्या. २०२५ च्या आरंभी मोजले, तेव्हा मासे उरले होते ३८. तेव्हा जवळच बांधलेल्या हौदात वाढवलेले काही मासे आणून, हलक्या हाताने, त्या ओट्यापाशी सोडण्यात आले.