घराच्या भिंतीलगत कुंपण लावताय? आधी मुळं कुठं जातील ते बघा

पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेत गर्दी होते. अंगणाला आडोसा हवा, शेळ्या आत यायला नकोत, म्हणून लोक लवकर वाढणारं झाड मागतात. चूक इथंच होते. दोन वर्षांत डोक्याच्या वर जाणाऱ्या झाडाची मुळंही तेवढ्याच घाईनं पसरतात.

मुळं धड भिंत सहसा फोडत नाहीत, ती ओलावा शोधत जातात. बांधकामाची फट, पाइपचा गळका सांधा, शोषखड्ड्याची बाजू अशा ठिकाणी बारीक मूळ शिरतं आणि आत जाड होतं. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत तर सांधे उघडेच असतात. काळ्या जमिनीत आणखी एक भानगड. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. जवळचं मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, पाया एका बाजूनं खचतो आणि भिंतीला तिरपी चीर पडते. बोल मात्र गवंड्याला लागतो.

म्हणून वड-पिंपळ, नीलगिरी, सुबाभूळ भिंतीजवळ नकोच. बांबूचं बेटही दरवर्षी रुंद होत जातं. शोभेचा कोनोकार्पस सध्या सगळीकडे दिसतो, पण गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. जमिनीखालच्या पाइप-केबलला मुळांचा होणारा त्रास हे त्याचं एक कारण.

भिंतीजवळ झुडूपच बरं. मेंदी सगळ्यांत खात्रीची; पाणी कमी लागतं आणि कितीही छाटली तरी दाट फुटते. कोयनेलही तशीच. शेळ्यांचा त्रास असेल तर अडुळसा लावा, त्याला शेळी सहसा तोंड लावत नाही. जास्वंद फुलांना चांगली, पण शेळीच्या तावडीत सापडली तर बुडखाच उरतो. करवंद काटेरी आणि हळू वाढणारं, ते शेताच्या बाजूला शोभतं.

शेर, कण्हेर, मोगली एरंड सहज लागतात, पण घराजवळ नकोत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. कण्हेर जनावराच्या जिवावर बेतते, आणि मोगली एरंडाच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या खातात.

भिंतीपासून दोन फूट तरी सोडा, काळ्या जमिनीत तीन. मधून माणूस गेला पाहिजे, म्हणजे गिलावा करता येतो, वाळवी दिसते, विंचवा-किरड्याला आडोसा राहत नाही. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या फुटाफुटावर खोचा. पाणी भिंतीच्या उलट्या बाजूनं द्या. कुंपण कमरेच्या फार वर जाऊ देऊ नका. पाला कमी तेवढी पाण्याची ओढ कमी.

आणि कुणी न लावता उगवलेल्या झाडाकडे लक्ष ठेवा. पाखरं पिंपळ, वड, उंबराची फळं खातात आणि बी भिंतीच्या फटीत पडतं. रोप बोटभर असताना, भिंत ओली असते तेव्हा मुळासकट निघतं. पिंपळ टाकून द्यायला मन होत नसेल तर तेच रोप देवळामागच्या मोकळ्या जागेत लावावं. नुसतं वरून कापलं तर ते पुन्हा फुटतं, आणि आतलं मूळ जाड होतच राहतं.