राजीनामा, कबुलायत आणि लवाद

राजीनामा म्हटले की आज आपल्याला सोडलेली खुर्ची आठवते. पेशवाईच्या न्यायव्यवहारात मात्र पंचांसमोर बसण्याआधी वादी-प्रतिवादी जो कागद लिहून देत, तो राजीनामा. ‘पंच सांगतील ते मान्य, आम्ही राजी आहोत’ एवढाच त्याचा अर्थ. त्याआधीच्या शाही काळात मजलिस भरे, तिच्या महजरावर काजीची मोहोर आणि देशमुख, देशपांडे, शेटे-महाजनांच्या निशाण्या असत. निवाड्याचे वजन या राजीपणावर होते.

इंग्रजी कोर्टे आली तेव्हा हे वजन कर्जरोख्याकडे गेले. अंगठा उठला की हुकूमनामा ठरलेला. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि पुणे-अहमदनगरात दंगे पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता.

या कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता देण्याघेण्याचा सगळा इतिहास उकरायचा: मूळ मुद्दल किती, व्याज किती, व्याजावर व्याज किती. दुसरी, शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या समेटकर्त्याकडे जायचे. समेट झाला नाही असा त्याचा दाखला असल्याशिवाय कोर्ट दावा घेणार नाही.

कागदावर दोन्ही तरतुदी शेतकऱ्याच्या बाजूच्या. प्रत्यक्षात दुसरीने पहिलीला भोक पाडले. समेटकर्त्यासमोर झालेली कबुलायत कोर्टात दाखल झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येई. मग जुना हिशेब उकरायचा कोणी? पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी ज्याच्या दारात जायचे, त्याच सावकारासमोर शेतकरी ‘कबूल’ म्हणे. पुढे ही समेटाची पद्धतच बंद करावी लागली.

आता आजचे पाहू. १९४० च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ नुसार करारात लवादाची अट असेल तर दावा तहकूब करणे कोर्टाच्या मर्जीवर होते. १९९६ च्या कायद्याच्या कलम ८ ने ही मर्जी जवळजवळ काढून घेतली. प्रतिवादीने आपले पहिले म्हणणे देण्याआधी किंवा देताना अर्ज केला, तर पक्षकारांना लवादाकडे पाठवावेच लागते. दोन तोलामोलाच्या व्यापाऱ्यांसाठी हे उत्तमच, वर्षे वाचतात. पण यंत्रमागासाठी कर्ज घेणारा कारखानदार वित्त कंपनीच्या छापील करारावर सही करतो, तेव्हा लवादाची अट त्याने वाचलेली तरी असते का? आणि लवाद नेमायचा हक्क कंपनीनेच स्वतःकडे ठेवला असेल तर?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने उशिरा दिले. ‘पर्किन्स ईस्टमन’ प्रकरणात २०१९ साली म्हटले की निकालात ज्याचे हितसंबंध आहेत, त्याने एकट्याने लवाद नेमू नये. ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने सरकारी-खासगी करारांतली अशी एकतर्फी अट समतेच्या हक्काविरुद्ध ठरवली.