पर्यायी गाडीचा इतिहास: एक दीपनौका, एक खुर्ची आणि विमा

१/ दुसऱ्याच्या चुकीने आपली गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये अडकली, तर नुकसान किती? केवळ दुरुस्तीच्या बिलाएवढे, की गाडीविना गेलेल्या दिवसांचेही काही मोल असते? ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांची तुलना करताना 'कर्टसी कार मिळेल का?' हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे शतकाहून जुना वाद आहे.

२/ वादाचा आरंभ मोटारीने नव्हे, तर जहाजाने झाला. लिव्हरपूलच्या मर्सी डॉक्स मंडळाच्या दीपनौकेला 'मेडियाना' जहाजाची धडक बसली. मंडळाकडे अशा प्रसंगासाठी राखीव दीपनौका सज्ज होती. तीच वापरली गेली. प्रतिपक्ष म्हणाला, पर्यायी नौकेसाठी भाडे मोजावे लागले नाही, मग त्याची भरपाई कशाची?

३/ १९०० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हा युक्तिवाद फेटाळला. लॉर्ड हॅल्सबरी यांनी खुर्चीचा दाखला दिला: कोणी माझी खुर्ची वर्षभर नेली, तर 'तू त्या खुर्चीवर एरवी बसतच नव्हतास, घरात इतर खुर्च्याही होत्या' असे सांगून त्याला सुटता येईल का? वस्तूच्या वापराला मुकणे हेच नुकसान ठरले.

४/ १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने ब्रिटनमध्ये विमा सक्तीचा केला. पण तो इतरांच्या मृत्यू वा शारीरिक इजेपुरता. गाडीचे नुकसान त्या सक्तीबाहेर होते. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हीच वाट धरली. त्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले.

५/ येथे दोन मार्ग वेगळे ओळखावेत. स्वतःच्या विमा कंपनीकडून मिळणारी कर्टसी कार हा कराराचा भाग: बहुधा लहान गाडी, तीही कंपनीच्या मान्यताप्राप्त गॅरेजात दुरुस्ती चालू असेपर्यंत. गाडी चोरीला गेली वा भंगारात निघाली, तर अनेक पॉलिसींत ती मिळत नाही. दोषी चालकाकडून भाड्याची भरपाई मागणे हा मात्र कायद्याने दिलेला हक्क.

६/ या दुसऱ्या मार्गावर 'क्रेडिट हायर'चा धंदा उभा राहिला: आज गाडी घ्या, बिल पुढे दोषी चालकाच्या विमा कंपनीला जाईल. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही पद्धत वैध मानली. २००० मध्ये मात्र सांगितले, की बाजारातील साध्या भाड्यापलीकडची रक्कम मिळणार नाही.

७/ मग ज्याच्या खिशात आगाऊ भाड्याचे पैसेच नाहीत, त्याने काय करावे? २००३ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: अशा माणसाला क्रेडिट हायरशिवाय गत्यंतर नसेल, तर तो जादा खर्चही दोषीनेच सोसावा. गरिबी हा हक्क आखूड करण्याचा आधार ठरला नाही.

८/ या न्यायाचा भार वाटला कोणावर गेला? २०१४ मध्ये ब्रिटिश स्पर्धा प्राधिकरणाला आढळले, की पर्यायी गाडीचा खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा, म्हणून खर्च फुगतो. तो अखेर सर्वांच्या हप्त्यांत उतरतो. तरीही त्यावर प्रमाणबद्ध उपाय न सापडल्याने ही व्यवस्था तशीच राहिली.

९/ सेवेचा इतिहासही जोडीने चालला. १९८१ मध्ये विमा क्षेत्राने तक्रारींसाठी ओम्बुड्समन नेमला. १९८५ मध्ये 'डायरेक्ट लाइन'ने दलाल वगळून दूरध्वनीवरून मोटार विमा विकायला सुरुवात केली. हप्ता घटला, पण अपघातानंतर ओळखीच्या दलालाऐवजी पलीकडे एक अनोळखी आवाज आला.

१०/ म्हणून तुलना करताना केवळ हप्ता पाहू नये. पर्यायी गाडी किती दिवस, कोणत्या आकाराची, गाडी चोरीला गेल्यावरही मिळते का, आणि अडचणीत फोन कोण उचलते, हे विचारावे. खुर्ची नेणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क १९०० मध्येच मान्य झाला. खुर्ची परत येईपर्यंत बसायचे कशावर, याचे उत्तर आजही पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.